परिसरातले कार्यक्रम कुठे कळवायचे: फलक, ग्रुप, पत्रक की कॅलेंडर?

माध्यम निवडताना बहुतेक ठिकाणी एकच हिशोब होतो: किती जणांपर्यंत पोचेल? हा हिशोब चुकीचा नाही, अपुरा आहे. शनिवारचा दुरुस्ती मेळा गुरुवारी रात्री रविवारवर ढकलला गेला, तर शनिवार वाचून बसलेल्या माणसाला ते कसं कळणार, हे आधी विचारावं. बातमी पोचवणं सगळ्याच माध्यमांना थोडंफार जमतं. दिलेली बातमी परत घेणं फार थोड्यांना जमतं, आणि लोक बंद दारापुढून परत जातात ते त्यामुळेच.

आणखी एक फरक सुरुवातीलाच करून ठेवावा. कार्यक्रम आणि सोयी या वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्य तपासणी, पुस्तकांची अदलाबदल, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण यांना तारीख असते आणि ती उलटली की माहिती आपोआप शिळी ठरते. वाचनालयाच्या वेळा, अवजारं उसनी मिळण्याची जागा, ई-कचरा घेणारं केंद्र यांना तारीख नसते. ती माहिती गुपचूप शिळी होते. दोन्हींना एकच माध्यम लावलं की एक तरी बिघडतं.

| माध्यम | बदल कळायला किती वेळ | काम किती | कोण सुटतं |
|---|---|---|---|
| सूचना फलक | माणूस पुन्हा तिथून जाईपर्यंत | आठवड्याला अर्धा तास | त्या वाटेने न जाणारे |
| व्हॉट्सॲप ग्रुप | काही मिनिटं | रोज थोडं थोडं | स्मार्टफोन नसलेले, ग्रुप म्यूट केलेले |
| छापील पत्रक | पुढच्या अंकापर्यंत | महिन्याला दोन-तीन संध्याकाळी | जवळजवळ कोणी नाही |
| सामायिक कॅलेंडर | लगेच ते अर्धा दिवस | आठवड्याला पंधरा मिनिटं | जोडून न घेतलेले |
| एसएमएस | काही मिनिटं | गरजेपुरतं | नंबर बदललेले |

व्हॉट्सॲप: तीन प्रकार, तिन्हींचे गुण वेगळे

'ग्रुपवर टाकलंय' हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण ग्रुप, कम्युनिटी आणि चॅनेल यांत बराच फरक आहे.

साध्या ग्रुपमध्ये १०२४ सभासद मावतात. अडचण संख्येची नसते. प्रत्येक सभासदाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि शंभरेक माणसं झाली की सूचना शुभेच्छांखाली गाडली जाते. 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सेटिंग लावली की गोंगाट थांबतो, पण मग शंका विचारायला जागा उरत नाही आणि तेच प्रश्न ॲडमिनच्या खाजगी नंबरवर येऊ लागतात. म्हणून प्रत्येक सूचनेत संपर्कासाठी नंबर हवाच, आणि तो ॲडमिनचाच असला पाहिजे असं नाही.

२०२२ च्या शेवटी आलेली कम्युनिटी अनेक गल्ल्या किंवा इमारती असलेल्या भागाला जास्त बरी पडते. सूचनांचा एक वेगळा ग्रुप असतो, त्यात फक्त ॲडमिन लिहितात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पा खालच्या छोट्या ग्रुपमध्ये चालतात.

चॅनेल २०२३ मध्ये आलं. कागदावर ते सगळ्यात नीटनेटकं: ॲडमिनचा नंबर लपतो आणि कितीही जण येऊ शकतात. पण चॅनेलच्या सूचना मुळात म्यूट असतात आणि संदेश 'अपडेट्स'च्या टॅबमध्ये जाऊन पडतात, जिकडे कित्येक जण फिरकतही नाहीत. वर चॅनेलचा इतिहास सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच ठेवला जातो. चॅनेल निवडायचंच असेल, तर सभासदाला सामील करून घेतानाच घंटेवर बोट ठेवून अनम्यूट करायला लावावं. नंतर सांगून कोणी करत नाही.

आता बदलाची कसोटी. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. तो कोणी पुढे पाठवला असेल, तर त्या प्रतीवर तुमचा काहीच ताबा राहत नाही. म्हणून संदेशात 'उद्या', 'येत्या शनिवारी', 'पुढच्या शनिवारी' हे शब्द वर्ज्य समजावेत. 'उद्या सकाळी ११ वाजता' हा संदेश फिरत फिरत तीन दिवस 'उद्या'च राहतो, आणि 'पुढचा शनिवार' म्हणजे हा की त्याच्या पुढचा, यावर एकाच घरात दोन मतं असतात. वार आणि तारीख दोन्ही लिहावं. दोन्ही जुळत नसतील तर निदान कोणीतरी विचारतं. नुसती तारीख चुकली तर कोणालाच कळत नाही. नुसतं '७ वाजता' किंवा '१२ वाजता'ही नको.

सुंदर पोस्टर करून चित्र म्हणून टाकायची सवय फार पसरली आहे. चित्रातला मजकूर ग्रुपमध्ये शोधता येत नाही, सहज कॉपी होत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनमधला स्क्रीन रीडर तो सहसा वाचून दाखवू शकत नाही. पोस्टर टाका, पण खाली तोच मजकूर टाइपही करा. तो युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवरच्या साध्या मराठी कीबोर्डने टाइप केलेला हवा: जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर ग्रुपवर चिकटवला की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते.

महत्त्वाची सूचना पिन करता येते: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. एका वेळी तीनच पिन चालतात. तिन्ही जागा कार्यक्रमांना देऊ नयेत, एक जागा कायम कॅलेंडरच्या दुव्यासाठी राखावी. मुदत संपली की तो पुन्हा पिन करावा लागतो.

कॅलेंडर: मूळ प्रत इथेच

कॅलेंडर फारसं लोकप्रिय नाही, तरी मूळ प्रत तिथेच ठेवावी असं आमचं मत आहे. दुसऱ्या कोणत्याही माध्यमात तारीख बदलणं म्हणजे नवी सूचना काढणं. कॅलेंडरमध्ये तीच नोंद बदलते.

पण जोडणी नीट झाली तरच. लोक .आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) उतरवून 'इम्पोर्ट' करतात. ती त्या क्षणाची नक्कल असते, नंतरचा एकही बदल तिच्यात येत नाही. हवं असतं 'सबस्क्राइब', म्हणजे पत्ता जोडणं. तेही कोणत्या मार्गाने जोडलं यावर वेग ठरतो. गूगल कॅलेंडर वापरणाऱ्याने दुसरं गूगल कॅलेंडर थेट जोडून घेतलं तर बदल लगेच दिसतो. 'यूआरएल'ने, म्हणजे कॅलेंडरचा वेब-पत्ता टाकून जोडलं तर १२ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे सकाळी आठला रद्द झालेला दहाचा कार्यक्रम काहींच्या फोनवर संध्याकाळपर्यंत तसाच असेल. त्याच दिवशीच्या बदलासाठी कॅलेंडरवर विसंबू नये. आठवणीचा गजरही तुम्ही लावलेला त्यांच्याकडे वाजत नाही. ज्याने त्याने आपल्या फोनवर लावायचा असतो.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या कार्यक्रमाची पुनरावृत्ती 'दर महिन्याचा दुसरा शनिवार' अशी लावावी. '१३ तारीख' लावली तर पुढच्या महिन्यात ती मंगळवारी येऊ शकते. एखादाच कार्यक्रम हलवताना 'फक्त हा' निवडावं, नाहीतर वर्षभराचे सगळे शनिवार सरकतात. आणि रद्द झालेली नोंद पुसून टाकू नये. शीर्षकाच्या सुरुवातीला 'रद्द:' लिहावं. पुसली तर वाचणाऱ्याला वाटतं, आपलीच आठवण चुकली, आणि तो जाऊन पाहतो.

खातं कोणा एकाच्या खाजगी मेलवर नको. तो माणूस घर बदलून गेला की कॅलेंडरही त्याच्याबरोबर जातं. वेगळं खातं काढावं, पासवर्ड दोघांकडे असावा. दोन वर्षं वापरात नसलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून कधीमधी लॉगिनही करावं.

फलक

फलकाला इंटरनेट लागत नाही, सभासदत्व लागत नाही. भाड्याने नव्याने आलेल्या माणसाला परिसराची पहिली ओळख बहुधा फलकच करून देतो. त्याचे शत्रू तीन: ऊन, पाऊस आणि जुने कागद.

इंकजेटची साधी शाई ओलीत फुटते. लेझर प्रिंटरचा टोनर हे प्लास्टिकच असल्यामुळे टिकतो. उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतात, म्हणून तारीख लाल रंगात छापणं ही नेमकी उलटी चाल आहे. काळ्यात छापा, जाड छापा. लॅमिनेशन करताना कागदाच्या चारही बाजूंना निदान ५ मिलिमीटर प्लास्टिक मोकळं सोडावं. कागदाच्या कडेलगत कापलं की पाणी शिरतंच. टाचणीसुद्धा त्या मोकळ्या पट्टीतच टोचावी.

दीड-दोन मीटरवरून वाचता यायला मुख्य मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक ७२ च्या आसपास. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींतलं अंतर दीडपट ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. ए४ कागदावर या मापात आठ-दहा ओळी बसतात आणि तेवढ्या पुरतात. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४० सेंटिमीटरवर असला तर उभ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही मजकूर दिसतो.

क्यूआर कोड जरूर द्यावा, तोही थेट कॅलेंडरच्या पानाचा. ढोबळ नियम असा: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याचा दहावा भाग कोडची रुंदी. एक मीटरसाठी १० सेंटिमीटर. कडेने कोडमधल्या चार बारीक चौकटींइतकी पांढरी जागा सोडावी लागते. ती डिझाइनच्या नादात खाल्ली गेली की कोड वाचलाच जात नाही. १९९४ साली डेन्सो वेव्हने हा कोड गाड्यांच्या भागांसाठी बनवला, त्यामुळे मळका-फाटका झाला तरी वाचला जाण्याची सोय मुळातच आहे: चूक-दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के नुकसान खपतं. बाहेरच्या फलकासाठी तीच पातळी निवडावी. फुकट 'डायनॅमिक' कोड (आधी त्या सेवेच्या पत्त्यावर नेऊन मग तुमच्या पानावर पाठवणारा) देणाऱ्या सेवा टाळाव्यात. त्यांची मुदत संपली की छापलेला कोड मेला.

पत्रक

दारोदारचं पत्रक सगळ्यात दूर पोचतं आणि सगळ्यात उशिरा सुधारतं. ए४ मधून दोन ए५ निघतात, म्हणजे ३०० घरांसाठी १५० कागद. खर्च कागदाचा नसतोच, पायांचा असतो. तीन माणसं हवीत, एकच असेल तर दुसऱ्या महिन्यानंतर पत्रक बंद पडतं. हातात धरून वाचायच्या मजकुराला १४ पॉइंट ठेवावा, फोटोकॉपी यंत्र कडेला छापत नाही म्हणून चारही बाजूंना १ सेंटिमीटर सोडावा.

पत्रकात कार्यक्रम फक्त पक्के झालेलेच घ्यावेत. त्याचा खरा उपयोग सोयींसाठी आहे. वर्षातून दोनदा सोयींचं पत्रक काढा, लोक ते कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवतात. प्रत्येक सोयीपुढे काय मिळतं, कोणाला मिळतं, कोणत्या वेळी, सोबत काय न्यायचं, फोन कोणता, आणि 'तपासलं: महिना, वर्ष' एवढं हवं. शेवटची नोंद सगळे गाळतात, आणि तीच सगळ्यात मोलाची. दर तीन महिन्यांनी यादीतल्या प्रत्येक नंबरवर खरोखर फोन लावावा. कोणी उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्यांदाही नाही तर नोंद काढून टाकावी. लहान पण चालू यादी चालेल.

एसएमएस आणि ईमेल

ईमेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्ते 'बीसीसी'मध्ये टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत, आणि साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं हे लक्षात ठेवा.

एसएमएस मात्र साध्या फोनवाल्यांसाठी अजून कामाचा. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण वेगवेगळी मोजली जाते: 'दुरुस्ती' दिसायला तीन अक्षरं, खाते आठ जागा. 'दुरुस्ती मेळा शनिवारी नाही. रविवार १४, स. १० ते १. वाचनालय.' हा संदेश ५९ जागांत बसतो. सत्तरच्या पुढे गेलं की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे लागतात. रोजच्या सूचनांसाठी हे नकोच. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा वीस-तीस जणांची यादी ठेवावी आणि फक्त बदल झाला की वापरावी.

मग घ्यायचं काय?

एकाच इमारतीत चाळीसेक घरं असतील तर फलक आणि साधा ग्रुप पुरतो. कॅलेंडरचा खटाटोप नको. दोन-तीनशे घरं, अनेक गल्ल्या असतील तर कॅलेंडर मूळ प्रत, कम्युनिटीचा सूचना-ग्रुप रोजच्या वापराला, फलकावर क्यूआर कोड आणि वर्षातून दोनदा सोयींचं पत्रक. काम करायला एकच माणूस असेल तर मासिक पत्रकाच्या वाटेला जाऊच नये. वयस्क रहिवासी जास्त असतील तर आधी फलक आणि एसएमएसची यादी धरावी, ग्रुप नंतर.

बदल झालाच तर क्रम असा ठेवावा: आधी कॅलेंडरची नोंद, मग सूचना-ग्रुप, मग एसएमएसची यादी, शेवटी फलक. फलकावरचा जुना कागद काढू नये. त्यावरच तिरकी पांढरी पट्टी चिकटवून नवी तारीख लिहावी, कारण ज्याने आधी वाचलं आहे तो तोच कागद ओळखतो, नव्या कागदाकडे बघतही नाही. कार्यक्रम होऊन गेला की दुसऱ्या दिवशी पट्टीसकट सगळं उतरवावं.