आर्मी की एअरफोर्स? पोराचा घोळ इथं सुटला

भाचा बारावीला आहे, नागपुरात वायुसेना नगरजवळ राहतो म्हणून लहानपणापासून एअरफोर्सच डोक्यात, पण घरचे म्हणे आर्मी, कामठीला आर्मीच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे ना. शेवटी धरमपेठेतल्या एनडीए (बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा) क्लासच्या डेमोला नेलं. रिटायर्ड सुभेदार सरांनी फीचं नावही न काढता आधी विचारलं, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स आहे का? कारण एअरफोर्स, नेव्हीला ते लागतंच, आर्मीला कोणतीही बारावी चालते. आणि पायलट निवडीची सीपीएसएस टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! पोरगा वहीत दोनदा अंडरलाइन करत होता. लेखी ९०० अन् एसएसबी म्हणजे मुलाखतीची फेरीही ९०० मार्कांची, म्हणून बोलायची प्रॅक्टिस पहिल्या दिवसापासून. बॅच मात्र फार भरलेली, मागं ऐकू येत नाही. तरी नक्की जा.