कर्शॉचा शेवटचा हंगाम आणि वर्षभराची वर्गणी

बेसबॉलचे सामने दाखवणाऱ्या या सेवेची वर्षाची वर्गणी मी मार्चमध्ये भरली, तेव्हा घरात ती कुणालाच पटली नव्हती. दापोली तालुक्यातील क्रिकेट सामन्यांना मी बावीस वर्षे गुणलेखक म्हणून बसतो आहे, त्यामुळे ज्या खेळात चेंडूगणिक नोंद ठेवता येते तो खेळ मला आपोआप जवळचा वाटतो. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) क्लेटन कर्शॉ याचा हा अखेरचा हंगाम ठरेल अशी शंका होतीच. 18 सप्टेंबर 2025 रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. म्हणून या सेवेला मी एकच प्रश्न विचारतो : निवृत्त होणाऱ्या पिचरची संपूर्ण कारकीर्द तोलून पाहायची असेल, तर ती कितपत उपयोगी पडते?

थेट प्रक्षेपणाबद्दल फारशी तक्रार नाही. लॉस एंजेलिसमधील संध्याकाळचा सामना आपल्याकडे सकाळी साडेसातच्या पुढे सुरू होतो, म्हणजे चहा झाल्यावर निवांत बसता येते. वेळापत्रकात तारीख मात्र अमेरिकेची दिसते, आणि त्या घोळात माझे एप्रिलमधले दोन सामने हुकले. 3 जुलैला, ऐन लावणीच्या दिवसांत, कर्शॉला 3,000 स्ट्राइकआउट (फलंदाजाने तीन वैध चेंडू चुकवले किंवा सोडले की मिळणारा बळी) पूर्ण करायला तीन बळी हवे होते. पाचव्या इनिंगला (बेसबॉलच्या सामन्यात एरवी नऊ असतात) वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, पण गावातील इंटरनेट बंद पडले आणि मला मोबाइलच्या जोडणीवर यावे लागले. तेव्हा या सेवेने चित्राचा दर्जा आपणहून कमी केला, पण सामना तोडला नाही. सहाव्या इनिंगच्या शेवटी, त्या रात्रीच्या शंभराव्या चेंडूवर, व्हिनी काप्रा हा फलंदाज बॅट न फिरवता उभाच राहिला आणि बाद झाला. चित्र इतके धूसर होते की चेंडू मला दिसलाच नाही. प्रेक्षक उठून उभे राहिले तेव्हा कळले.

या सेवेचे खरे मोल जुन्या सामन्यांच्या संग्रहात आहे. हॉल ऑफ फेम, म्हणजे कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या मानाच्या दालनाच्या दृष्टीने कर्शॉचे आकडे वादातीत आहेत : 223 विजय, 96 पराभव, 3,052 स्ट्राइकआउट, वर्षातील सर्वोत्तम पिचरला दिले जाणारे तीन साय यंग पुरस्कार, 2014 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि दर नऊ इनिंग्जमागे 2.53 अर्जित (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय गेलेल्या) धावा. 1920 पासून किमान 2,500 इनिंग्ज टाकलेल्या कोणत्याही पिचरची सरासरी याहून कमी नाही. त्याच्यावर एकच आक्षेप घेतला जातो, तो म्हणजे हंगामोत्तर, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यांत हीच सरासरी 4.62 पर्यंत चढते. मोठ्या सामन्यात तो ढेपाळतो, हे वाक्य मीही वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो.

पावसाळ्यात ते सामने मी संग्रहातून सलग पाहिले, वही घेऊन. 2014 मध्ये सेंट लुईसविरुद्ध सहा इनिंग्जपर्यंत त्याने दोनच धावा दिल्या होत्या. सातव्या इनिंगमध्ये फटक्यांमागून फटके बसत असतानाही त्याला काढले गेले नाही आणि त्याच्या नावावर आठ धावा लागल्या. 2019 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध तो बदली म्हणून आला आणि आठव्या इनिंगमध्ये लागोपाठच्या दोन चेंडूंवर रेंडॉन आणि सोटो यांनी होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. अपयश त्याचेच, यात शंका नाही. पण दमलेल्या गोलंदाजाला आणखी एक षटक देणारा कर्णधार आपण हर्णैच्या मैदानावरही पाहिला आहे, आणि धावा कर्णधाराच्या खात्यात लिहिल्या जात नाहीत. 2020 मध्ये टँपा बेविरुद्ध अंतिम मालिकेतील पहिला व पाचवा सामना त्याने जिंकला, तेही याच संग्रहात आहे. शोधण्याची सोय मात्र संघाच्या नावावरच चालते, पिचरच्या नावावर नाही, हे मोठे न्यून आहे.

निवृत्तीनिमित्त दाखवलेला खास कार्यक्रम मला उथळ वाटला. क्रीडापत्रकारांची 75 टक्के मते लागतात, पाच वर्षे थांबावे लागते, म्हणजे निकाल जानेवारी 2031 मध्ये येईल, एवढे सांगून तो टाळ्यांकडे वळला. कर्शॉच्या आधी 3,000 स्ट्राइकआउटचा टप्पा गाठलेल्या 19 पिचरांपैकी दोघे 2025 मध्येही खेळत होते आणि उरलेल्या 17 पैकी 15 जण कूपर्सटाउनला पोहोचले आहेत. बाहेर राहिलेले क्लेमन्स आणि शिलिंग कामगिरी कमी पडली म्हणून राहिलेले नाहीत. निवड पहिल्याच वर्षी होईल, असे माझे मत आहे. चर्चा करायचीच तर ती एकमताची करावी, कारण आजवर शंभर टक्के मते फक्त मारिआनो रिव्हेराला मिळाली आहेत. इचिरोलाही एक मत कमी पडले.

28 ऑक्टोबरला सकाळी साडेपाचला सुरू झालेला अंतिम मालिकेतील तिसरा सामना 18 इनिंग्ज चालला आणि दुपारी बारानंतर संपला. बाराव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले (म्हणजे तिन्ही टप्प्यांवर धाव घेणारे उभे) आणि दोन बाद असताना, टोरोंटोचा फलंदाज नेथन ल्युक्स याच्यासमोर कर्शॉला आणले. आठ चेंडू झाले, शेवटचा सरपटत दुसऱ्या बेसकडे गेला आणि डॉजर्सच्या एडमनने तो ग्लव्हमधूनच पहिल्या बेसकडे उडवून ल्युक्सला बाद केले. कर्शॉचा डॉजर्ससाठीचा तो अखेरचा चेंडू. या सेवेच्या गुणफलकात त्याच्या नावापुढे तिसरा हिस्सा इनिंग आणि पुढे नुसती शून्ये दिसतात. बेस भरलेले होते हे तिथे कुठेही नाही, ते माझ्या वहीत आहे. वर्गणी मी पुन्हा भरली आहे. पाचपैकी चार तारे.