'वीक' या एका शब्दावर घासून बघितलेलं डिक्शनरी अ‍ॅप

अडीच स्टार. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही कारण मी अशी तीन इंग्लिश-मराठी अ‍ॅप्स वापरली आणि तिघांचं रडगाणं थोड्याफार फरकाने एकच आहे, हे त्यातलं त्यात बरं.

झालं असं की ताप येऊन गेल्यावर ऑफिसला मेल टाकला, 'आय हॅव अ वीकनेस', दोन दिवस सुट्टी हवीये. साहेबांचा रिप्लाय आला, "कशाची?" मला कळेचना हा काय प्रश्न! आपण मराठीत बिनधास्त 'वीकनेस आलाय' म्हणतो आणि समोरच्याला बरोब्बर समजतं की अंगात त्राण नाही. इंग्लिशमध्ये आधी तो 'अ' लागला की वीकनेस म्हणजे स्वभावातली उणीव नाहीतर कशाचा तरी मोह, आणि पुढे 'फॉर' आला की मोहच, म्हणजे वीकनेस फॉर चॉकलेट, चॉकलेट दिसलं की राहवत नाही. आजारपणानंतर साधं 'आय फील वीक' म्हणायचं. डॉक्टरांसमोर तर अजून जपून, कारण त्यांच्या भाषेत वीकनेस म्हणजे स्नायूंतला जोर जाणं, एका बाजूचा हातपाय अचानक वीक पडला म्हटलं की ते आधी स्ट्रोकचा विचार करणार, नुसता थकवा हे त्यांच्या लेखी वेगळं प्रकरण.

अ‍ॅपमध्ये वीकनेस टाकलं तर काय मिळतं? अशक्तपणा, दुर्बलता, कमजोरी, उणीव. संपलं. चार शब्द रांगेत उभे, कुठला कुठे वापरायचा ते तुमचं तुम्ही बघा. 'अ' आणि 'फॉर'बद्दल चकार शब्द नाही.

मग मी पण इरेला पेटलो आणि वीकच्या शेजारी येणारे शब्द एकेक टाकत बसलो. वीक आइज, अ‍ॅप म्हणतं 'कमजोर डोळे', अरे मराठीत अधू दृष्टी असते की. वीक लाइटला 'दुर्बळ प्रकाश', म्हणजे मिणमिणता उजेड. वीक एक्सक्यूजला 'अशक्त निमित्त' वाचून तर मी हसत सुटलो, सबब आपल्याकडे लंगडी असते, अशक्त असायला तिला काय ताप आलाय? आणि हे असं किती सांगू, चहा पाणचट, विनोद फुसका, पाया कच्चा, आवाज क्षीण, आजारी माणसाचं वीक स्माइल म्हणजे कसनुसं हसू, एखाद्या विषयात वीक म्हणजे त्यात कच्चा. इंग्लिश एका वीकवर सगळा संसार चालवते आणि आपल्याकडे दर गोष्टीला निराळा शब्द पडलेला आहे, पण अ‍ॅपवाल्यांनी बहुतेक फक्त 'वीक'चा अर्थ शोधला, 'वीक कोण' हे बघितलंच नाही. शब्दाचा अर्थ निम्मा तर शेजाऱ्यावरून ठरतो राव. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, बाकीच्या किरकोळ.

सायन्सवाल्या एंट्रीज आहेत, त्याचे मार्क देतो, पण त्याही अर्धवट. वीक अ‍ॅसिडला 'सौम्य आम्ल' दिलंय, ते पाठ्यपुस्तकी म्हणून बरोबर, पण वीक म्हणजे पातळ केलेलं नव्हे हे कोण सांगणार? पातळ केलेलं ते विरल. वीक म्हणजे पाण्यात त्याचे थोडेच रेणू फुटून आयन होतात, एवढंच. हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड या हिशोबाने वीक आहे आणि तेच काच खातं, कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं. असल्या गोष्टीला सौम्य म्हणून सोडून द्यायचं म्हणजे कमाल आहे. फिजिक्समधल्या वीक फोर्सला 'क्षीण बल' एवढंच लिहून मोकळे झालेत. निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी ते एक, बीटा किरणोत्सार त्याच्यामुळे होतो, त्याचे डब्ल्यू आणि झेड कण 1983 मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सापडले, यातली एक ओळ तरी टाकायची. गंमत म्हणजे गुरुत्वाकर्षण याच्याहूनही कितीतरी वीक आहे, पण नाव मात्र याला चिकटलं.

व्याकरणातला वीक मात्र अ‍ॅपला माहीतच नाही. वीक व्हर्ब म्हणजे भूतकाळ करायला ज्याला मागून 'ड' किंवा 'ट'ची काठी लागते ते, वॉक-वॉक्ड. सिंग-सँग-संग हे स्ट्राँग, आतल्या आत स्वर बदलून काम भागवतात. हे स्ट्राँग-वीक नाव याकोब ग्रिमचं, परीकथा गोळा करणाऱ्या भावांतला थोरला, 1819 च्या त्याच्या जर्मन व्याकरणाच्या वेळचं. आणि आता इंग्लिशमध्ये नवीन क्रियापद आलं की जवळजवळ हमखास वीकच होतं, गूगल्ड म्हणतात, गॅगल नाही म्हणत कोणी. मुळात वीक हा शब्दच नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या 'वेइक्र'वरून आलाय, जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'वाइख' म्हणजे मऊ, तेव्हा वाकणारा, लवचीक असा वास त्या शब्दाला आधीपासून आहेच.

चांगलं काय ते पण सांगतो. ऑफलाइन चालतं, उच्चाराचा आवाज स्वच्छ आहे, आणि अख्ख्या वाक्याचा ऑडिओ लावला की 'कॅन'चा वीक फॉर्म, म्हणजे जोर न देता केलेला उच्चार, नीट ऐकू येतो, नुसता 'कन'. आपण प्रत्येक शब्द ठासून बोलतो म्हणून आपला 'कॅन' समोरच्याला कधीकधी 'कान्ट' वाटतो, हे मला इथेच ऐकून कळलं. अर्धा स्टार त्याचाच.

जाहिराती भरपूर, त्याबद्दल लिहीत नाही, सगळीकडे तेच. स्पेलिंग तपासणी मात्र भरवशाची नाही, 'वीकली रिपोर्ट' मी चुकून ए-वाल्या स्पेलिंगने लिहिला तर लाल रेघ नाही, काही नाही, दोन्ही शब्द खरे असल्यामुळे ते गप्प, आणि साहेबांकडे दर शुक्रवारी दुबळेपणाने रिपोर्ट जात राहिला.

फीडबॅकमध्ये 'अधू', 'मिणमिणता', 'लंगडी' सगळं टाइप करून पाठवलंय. तीन वीक झाले, डबल ई-वाले, अजून उत्तर नाही.