एडिनबरात शिवून घेतलेला मॉडर्न किल्ट: कापड, माप, वारा आणि खिसे

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, म्हटलं की आपल्याला बॅगपाइपवाला आठवतो, लाल चौकडे आणि पुढे तो केसाळ बटवा. माझा तसा नाहीये. गडद करडं ट्वीड (जाड लोकरी कापड), एकरंगी, दोन्ही बाजूंना खिसे, त्यामुळे स्पोरन, म्हणजे तो पुढचा बटवा, लावायची गरज नाही, आणि मी तो ऑफिसला, बाजारात, बसमधे सगळीकडे घालतो. कुणाला घ्यायचा असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी स्वस्तातल्या किल्टचं. रॉयल माइल या एडिनबरातल्या जुन्या रस्त्यावर टुरिस्टांसाठीची दुकानं आहेत तिथे अगदी कमी पैशात किल्ट मिळतात, पण बरेचसे ॲक्रेलिकचे, पातळ कापडाचे. एक दिवस फोटो काढायला ठीक, रोज घालायला नाही. दुकानात गेलात की किल्ट उलटा करा आणि मागची बाजू आतून बघा. चांगल्या किल्टला कमरेपासून नितंबापर्यंत प्रत्येक निरी टाके घालून पक्की केलेली असते, आतून कॅनव्हास आणि वरून अस्तर असतं. नुसत्या इस्त्रीवर उभ्या असलेल्या निऱ्या पहिल्या पावसात मोडतात, आणि इथे पाऊस कधी येईल सांगता येत नाही.

पारंपरिक किल्ट म्हणजे आपल्या नऊवारीची चुलत बहीणच. ८ यार्ड लोकर, म्हणजे डबल पन्ह्याचं ४ यार्ड कापड घेऊन मधून उभं कापायचं आणि जोडायचं. पुढचा भाग सपाट, निऱ्या सगळ्या मागे. हाताने शिवलेला असेल तर पाचशे पौंडाच्या वर सहज जातो आणि तो पैसा कारागिराच्या हाताचा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला सणासुदीला घालायचं काही नको होतं, रोजचं हवं होतं. हा विचार काही नवा नाही म्हणा, इथेच एडिनबरात हॉवी निकल्सबी या किल्ट शिवणाऱ्यांनी नव्वदच्या दशकात डेनिम, लेदर असल्या कापडांचे किल्ट करायला सुरुवात केली, आणि तिकडे अमेरिकेत सिॲटलला २००० साली युटिलिकिल्ट्स ही कंपनी सुरू झाली, त्यांचे तर जाड सुती कापडाचे, मोठमोठ्या खिशांचे, हत्यारं अडकवून काम करता येईल असे.

मी एका छोट्या दुकानात शिवायला दिला. बॉक्स प्लीट (दोन्हीकडून आत दुमडलेल्या रुंद निऱ्या), पारंपरिकच्या साधारण निम्मं कापड, किंमत तीनशे पौंडाच्या आसपास. मापाला मात्र तिथल्या शिवणाऱ्या बाईंनी निवांत वेळ दिला हे फार आवडलं. पॅन्टचा नंबर सांगितला तर त्यांनी तो लिहूनच घेतला नाही, सरळ टेप काढली. पारंपरिक किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, मॉडर्न बराच खाली, जीन्स बसते तिथे, आणि या दोन ठिकाणच्या घेरात चांगलाच फरक पडतो. मग नितंबाचा घेर, मग लांबी. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. गुडघ्यावर बसायला सांगून कडा जमिनीला जेमतेम टेकतेय का तेही बघितलं. ऑनलाइन मागवणार असाल तर दुसऱ्या कुणाकडून तरी माप घ्या, स्वतः वाकून बघितलं की टेप हलते.

आता घालून फिरण्याचं. वारा हा खरा प्रश्न, लोक नाही. नॉर्थ ब्रिजवर वारा कसा असतो ते इथल्यांना माहितीच आहे, तिथे कापडाचं वजन कामाला येतं. १६ औंसाची (यार्डामागे वजन) लोकर खाली लोंबते, हलत नाही, हलकं सुती कापड मात्र धरून चालावं लागतं. शिवाय लोकरीवर भुरभुर पाऊस पडला तर झटकला की गेला, सुती कापड भिजून जड होतं. बसताना हात मागे नेऊन निऱ्या खाली सपाट करायच्या आणि मगच टेकायचं, नाहीतर उठल्यावर मागे चुरगळा दिसतो, ही सवय लवकर लागते. आत काय घालता हे लोक विचारतात, मी हाफ पॅन्ट घालतो आणि तसं सरळ सांगतो.

भारतीय माणसाने घालावा का, असं एका मित्राने विचारलं होतं. माझ्या मते बिनधास्त घालावा. काही मोजके टार्टन, म्हणजे ते रंगीत चौकडे, राखीव आहेत, उदाहरणार्थ बालमोरल नावाचा टार्टन राजघराण्यासाठी, पण एकरंगी ट्वीडला कुठल्या क्लॅनचा (घराण्याचा) हा प्रश्नच येत नाही. रस्त्यावर कुणी वळूनही बघत नाही. बसमधे एका आजोबांनी तेवढं थांबवून विचारलं, कापड कुठलं, शिवला कुणी, आणि कड बोटात धरून बघितली, उतरताना म्हणाले छान बसलाय. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आईने व्हिडिओ कॉलवर बघितला तेव्हा तिचं सगळं लक्ष निऱ्यांकडे. म्हणाली ठेवताना वरून लांब टाके घालून ठेव, मोडणार नाहीत. शिवणाऱ्या बाईंनीही ड्रायक्लीनला देताना नेमकं हेच करायला सांगितलं होतं.

तक्रारी दोनच. खिसे उथळ आहेत, जिना चढताना फोन मांडीवर आपटतो, पुढच्या वेळी खोल करून मागणार. आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर झाला. उन्हाळ्यात इथे लग्नांचा हंगाम असतो, शिवणाऱ्यांकडे गर्दी होते, तेव्हा जूनमधे हवा असेल तर ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमधेच द्या.