दंड आईबापाला की जबाबदारी सरकारला? कोल्हापूर १९१७ आणि आरटीई २००९

दोन्ही कायद्यांत ‘सक्तीचे आणि मोफत’ हेच शब्द, पण सक्ती कोणावर, यात जमीन-अस्मानाचा फरक.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात बारगळलं. त्यानंतर काही वर्षांत, १९१७ साली, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानापुरतं ते करूनही दाखवलं. फी नाही, पण मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळात रुपया म्हणजे गंमत नव्हती. कठोर वाटतं खरं, पण मला त्यात राजाची तळमळ दिसते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वय ६ ते १४. मूल शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य आहे असं तो म्हणतो, दंड मात्र लावत नाही. शाळा जवळ हवी, प्रवेशपरीक्षा नको, हे सगळं बघायचं सरकारने. हक्क मुलाचा. शिवाय खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा.

कागदावर हाच कायदा सरस. पण आमच्या शेजारच्या वहिनी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन सोडतीच्या मेसेजची वाट बघत होत्या. नंबर लागला, तर शाळेने स्नेहसंमेलनाचे पैसे मागितले. पोरगी तरीही जाते. डबा, पाण्याची बाटली, दोन वेण्या.