‘एका वर्षात इंजिनिअरिंगची डिग्री’: सीमाभागातल्या पालकांनी हे वाचावं

‘इंजिनिअरिंग अर्धवट राहिलंय? जुने क्रेडिट ट्रान्सफर करा आणि एका वर्षात डिग्री घ्या.’ असा मराठीतला मेसेज आमच्या मुलाच्या मोबाईलवर आला होता. त्याचा नंबर त्यांना कुठून मिळाला ते आजही कळलेलं नाही. दीड लाखाच्या वर पैसे गेले आणि हातात आलेली डिग्री आज कुठंही दाखवता येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शिक्षण अर्धवट राहिलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

मुलगा बेळगावातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलला होता. गणिताचे पेपर मागं पडत गेले, इयर बॅक लागला, म्हणजे पुढच्या वर्षाला जाता येईना, आणि तो उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये कामाला लागला. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर त्याचा हात चांगला बसला. पण डिग्रीशिवाय पुढची जागा मिळत नव्हती, आणि त्याच सुमारास हा मेसेज आला.

ऑफिस शहरातच, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. बाहेर ‘अभ्यासकेंद्र’ अशी पाटी. भिंतीवर काचेच्या चौकटीत विद्यापीठाचं नॅकचं, म्हणजे संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचं, प्रमाणपत्र, शेजारी आयएसओ 9001 चं. विद्यापीठ म्हणे उत्तरेतल्या एका राज्यातलं. समोरचा माणूस आपल्याच भागातला, अस्सल बेळगावी मराठी बोलणारा. ‘‘काका, आपल्या पोरांना हितं मुद्दाम अडकवत्यात बघा. बळके कन्नड घ्या, अमुक घ्या. तिकडं ही कटकटच नाही की.’’ आमच्या लोकांना कुठं दुखतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. वास्तविक बळके कन्नड हा एका क्रेडिटचा विषय, कन्नड न येणाऱ्या मुलांसाठीच ठेवलेला, आणि मुलाचा तो पहिल्याच फटक्यात सुटला होता. मुलगा गणितात अडकला होता, कन्नडमध्ये नव्हे.

दुसरी बतावणी त्याहून वाईट. ‘महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या मुलांना सवलत दिली आहे, त्यामुळं ही डिग्री तिकडं आपोआप चालते,’ असं त्यानं सांगितलं. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तरतूद आहे, हे खरं आहे. पण ती प्रवेशासाठी आहे आणि महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलकडूनच मिळते. तिसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाच्या कागदाला त्यानं मान्यता मिळत नाही. खऱ्या गोष्टीला खोटी अशी जोडून दिली की ऐकणाऱ्याला वेगळी काढता येत नाही.

पैसे हप्त्यांनी गेले. निम्मे रोख, निम्मे एका खासगी खात्यावर. परीक्षा म्हणून व्हॉट्सॲपवर प्रश्न यायचे आणि मुलगा शिफ्ट संपवून रात्री उत्तरं लिहून पाठवायचा. मग एके दिवशी आठही सेमिस्टरच्या मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र एकदमच आलं. पुण्याच्या एका कंपनीनं मुलाला निवडलं आणि कागद पडताळणीला पाठवले. विद्यापीठाचं उत्तर आलं की या नोंदणी क्रमांकाचा विद्यार्थी आमच्याकडं नाही. नोकरी तिथंच गेली.

त्यानंतर आमच्या गल्लीतल्या, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी त्या मार्कशीट समोर ठेवून मला जे दाखवलं, ते प्रत्येक पालकाला माहीत असलंच पाहिजे.

क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचा हिशोब. एका सेमिस्टरभर आठवड्याला एक तास व्याख्यान, त्याचं एक क्रेडिट. लॅबचे दोन तास, तेव्हा एक क्रेडिट. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगची पदवी 160 क्रेडिटची आहे, म्हणजे सेमिस्टरला साधारण वीस. आमच्या कागदावर कार्यशाळेच्या एका विषयाला चार क्रेडिट होती. ‘‘म्हणजे आठवड्याला आठ तास वर्कशॉप,’’ मास्तर म्हणाले, ‘‘कुठल्या वर्कशॉपात केलं यानं?’’ त्या अभ्यासकेंद्रात लोखंड पकडायचा साधा व्हाइससुद्धा नव्हता.

मग त्यांनी ग्रेड तपासल्या. दहा गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, असं चालतं. प्रत्येक विषयाचं क्रेडिट गुणिले ग्रेडचे गुण, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, की एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी, निघतो. एका सेमिस्टरमध्ये 4, 4, 3, 3, 2 अशी क्रेडिट आणि 8, 7, 8, 6, 9 असे गुण होते. बेरीज 120, क्रेडिट 16, उत्तर 7.50. मार्कशीटवर छापलं होतं 8.62. खऱ्या विद्यापीठात हा आकडा संगणक काढतो, तो असा चुकत नाही. कागद हातात आला की ही आकडेमोड करून बघा. आठवीतलं पोरही करू शकेल.

आणि तारखा! मार्कशीटवरची पहिली दोन वर्षं तीच होती, जेव्हा मुलगा बेळगावातल्या कॉलेजच्या हजेरीपटावर होता. एकाच वेळी दोन्हीकडं पूर्णवेळ शिकल्याचा पुरावाच त्यांनी छापून दिला होता. ते पान बघितल्यावर मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

क्रेडिट ट्रान्सफर ही खोटी गोष्ट नाही, म्हणून तर लोक फसतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, 2021 मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. पण तिथं क्रेडिट जमा करते ती मान्यताप्राप्त संस्था, एजंट नव्हे. ती विद्यार्थ्याला स्वतःच्या डिजिलॉकरमधून दिसतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून निदान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. 160 चे निम्मे 80, म्हणजे चार सेमिस्टरचा अभ्यास. एका वर्षात डिग्री या हिशोबात बसतच नाही.

भिंतीवरच्या चौकटींबद्दलही सांगतो. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करते आणि ते ठरावीक मुदतीपुरतं असतं. आम्हाला दाखवलेल्याची मुदत कधीच सरली होती. इंजिनिअरिंगच्या शाखेची गुणवत्ता एनबीए तपासते, आणि तीही शाखेनुसार. सिव्हिलला मानांकन आहे म्हणून मेकॅनिकलला असतंच असं नाही. मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतानासुद्धा हे विचारा. आयएसओ 9001 कामकाजाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, डिग्री देण्याचा अधिकार त्यातून येत नाही. तो अधिकार 1956 च्या यूजीसी कायद्याच्या कलम 22 प्रमाणं फक्त कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठांना आणि संसदेच्या कायद्यानं तसा खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. त्यातही राज्याच्या कायद्यानं झालेल्या खासगी विद्यापीठाला आपल्या मनानं दुसऱ्या राज्यात केंद्र उघडता येत नाही. दूरशिक्षणानं घेतलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर तर सर्वोच्च न्यायालयानं 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालात कडक बोट ठेवलं आहे.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तोवर ऑफिसला कुलूप लागलं होतं. तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली गेली, ती ओळखीच्या माणसाकडून ओळीनं ओळ वाचून घेतल्यावरच मी सही केली, आणि तुम्हीही तसंच करा. पहिल्या जबाबात खात्यावर भरलेल्या पैशांचा उल्लेखच नव्हता, तो घालायला लावला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळणं अवघड. आणि बनावट मार्कशीट हाती आली असेल, तर ती यापुढं कुठंही जोडू नका. खोटा आहे हे कळल्यावर असा कागद वापरणं हा वापरणाऱ्याचाही गुन्हा ठरतो. आम्ही त्या कंपनीला लेखी कळवलं आणि मूळ कागद पोलिसांकडं जमा केले.

मुलानं जुन्या कॉलेजात पुन्हा चौकशी केली. चार वर्षांची पदवी पूर्ण करायला विद्यापीठ आठ वर्षांपर्यंत मुदत देतं, आणि त्याची त्यातली काही वर्षं शिल्लक आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. आपल्या मुलाची खरी स्थिती काय, किती विषय राहिले, किती मुदत उरली, हे आधी कॉलेजात आणि गरज पडली तर तिथं जाऊन विचारा. या चौकशीला कुणी एजंट लागत नाही. उत्तर लेखी मागा.

त्या अभ्यासकेंद्रात आमच्यासारखी आणखी मुलं बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. लाजेनं गप्प बसू नका. पावत्या, खात्यावरचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं बोलणं काहीही पुसू नका आणि आपापल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आमची एकट्याची तक्रार पैशाचं भांडण म्हणून बाजूला पडू शकते. चारपाच घरांच्या तक्रारी एकाच खात्याकडं बोट दाखवू लागल्या, तर त्या खातेदाराचा शोध घ्यावाच लागेल.