सेंट्रिओलचं मॉडेल: नवाचं गणित जमलं, जोडीचं फसलं

वर्गात जोडून दाखवायच्या या प्लास्टिकच्या संचात दोन सेंट्रिओल, म्हणजे प्राण्यांच्या पेशीतल्या नळकांड्यासारख्या सूक्ष्म रचना, येतात. प्रत्येकाचा व्यास 10 सेंटीमीटर, लांबी 20. खरा सेंट्रिओल सुमारे 250 नॅनोमीटर रुंद आणि 500 नॅनोमीटरपर्यंत लांब, म्हणजे हे साधारण 4 लाख पट मोठं रूप. प्रमाण सांभाळलंय, नळ्याही त्याच मापात सेंटीमीटरभर जाड आहेत. तीन-तीन नळ्यांचे 9 जुडगे पवनचक्कीच्या पात्यांसारखे तिरके बसतात आणि मधली जागा मोकळी राहते. बऱ्याच मॉडेलांत तिथे दोन नळ्या घुसडलेल्या असतात. त्या हलणाऱ्या पक्ष्माभिकेत (पेशीवरच्या केसासारख्या धाग्यात) असतात, सेंट्रिओलमध्ये नव्हे.

जोडताना मात्र घोळ होतो. जुडग्यातली आतली ए नळी शेजारच्या जुडग्याच्या बाहेरच्या सी नळीला जोडायची असते. एखादं जुडगं उलटं बसलं तर शेवटी वर्तुळ मिटतच नाही, आणि चूक शोधायला सगळं उकलावं लागतं. आधी सगळ्या ए नळ्यांवर मार्करने खूण करून घ्या. तिन्ही नळ्या पूर्ण गोल दाखवणं ही अजून एक चूक. पूर्ण फक्त ए असते, 13 तंतूंची; बी आणि सी अर्धवट, शेजारणीची भिंत वापरून उभ्या.

नऊ आऱ्यांचं चाक मधोमध बसवा, असं माहितीपत्रक सांगतं. ते बसवायचं बुडाच्या टोकाला, आणि तेही फक्त नव्या सेंट्रिओलमध्ये. माणसाच्या पेशीत विभाजन उरकताना हे चाक नाहीसं होतं, त्यामुळे जुन्यात ते नकोच. नवा सेंट्रिओल जुन्याच्या बुडाशेजारी काटकोनात उगवतो. इथलं चुंबक त्याला जुन्याच्या कमरेला चिकटवतं.

सर्वांत खटकतं ते दोघांचं हुबेहूब असणं. जुन्याच्या वरच्या टोकाला उपांगं असतात, त्यांच्याच आधाराने तो पेशीपटलाला भिडून पक्ष्माभिकेचा पाया होतो. पुठ्ठ्याचे 9 तुकडे चिकटवलेत तर काम भागेल.

माहितीपत्रक म्हणतं, तर्कुतंतू (विभाजनात गुणसूत्रं वेगळी करणाऱ्या सूक्ष्मनलिका) सेंट्रिओलमधून निघतात. चूक. ते निघतात भोवतालच्या प्रथिनांच्या वेष्टनातून, जिथे गॅमा-ट्युब्युलिन या प्रथिनाची कडी प्रत्येक सूक्ष्मनलिकेची सुरुवात करून देतात. ते वेष्टनच संचात नाही. स्पंजचा तुकडा गुंडाळून त्यात लोकरीचे धागे खोचा. ‘सेंट्रिओलशिवाय विभाजन अशक्य’ हे वाक्यही खोडून टाका. सपुष्प वनस्पतींचं त्यांच्यावाचून काही अडत नाही. सेंट्रिओल नसलेली फळमाशी प्रौढ होते, हे 2006 साली दिसलं. ती मरते ती संवेदी चेतापेशींना पक्ष्माभिका नसल्यामुळे.

विभाजन शिकवायचं असेल तर एक संच पुरत नाही. एस टप्प्यात, म्हणजे विभाजनाआधी डीएनएची प्रत बनते तेव्हा, प्रत्येक सेंट्रिओलशेजारी एक नवा उगवतो, म्हणजे दोन जोड्या, चार नग. दोन संच घ्या, नाहीतर हे फक्त रचनेपुरतं ठेवा. सोबत दिलेली कांद्याच्या मुळाची स्लाइड इथे निरुपयोगी, कारण कांद्यात सेंट्रिओल नसतातच. त्याऐवजी व्हाइटफिश माशाच्या भ्रूणाची स्लाइड मागवा. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादाच सुमारे 200 नॅनोमीटर असल्याने नऊ जुडगे तिच्यातही दिसणार नाहीत, पण दोन टोकांना तारकाकार किरण छान दिसतात.